डेड स्टॉकमधील गोदावरी : एका महाविद्यालयीन निसर्गसंग्रहाचे प्रकरण

मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी, १९६० च्या दशकात सुरू झालेल्या एका महाविद्यालयाने प्राणिशास्त्र विभागाच्या संग्रहालयाची खोली रिकामी करून तेथे संगणक कक्ष करण्याचे ठरविले. खोलीतील वस्तू अनुदानातून आणि देणगीतून आलेल्या असल्याने त्या सरळ बाहेर काढता येत नव्हत्या. त्यांचे रीतसर निर्लेखन, म्हणजे नोंदवहीतून अधिकृतपणे वगळणे, आवश्यक होते. त्यासाठी तीन सदस्यांची समिती नेमण्यात आली. महाविद्यालयाचे प्राणिशास्त्राचे प्राध्यापक, कार्यालयाचे अधीक्षक आणि बाहेरचा सदस्य म्हणून वनस्पतिशास्त्र शिकविणारा प्रस्तुत लेखक, अशी ती समिती होती. काम एका बैठकीत उरकेल अशी सर्वांचीच समजूत होती, आणि प्राचार्यांनी ठरावाचा मसुदाही तयार ठेवला होता. हे लेखन त्या समितीपुढे आलेल्या प्रकरणाचे आहे. महाविद्यालयाचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही, कारण अशी खोली मराठवाड्यातील अनेक जुन्या महाविद्यालयांत आहे आणि तिच्याबाबत याच प्रकारचे प्रस्ताव येत असतात.

प्रस्तावाची बाजू लंगडी नव्हती, हे प्रथम नोंदविले पाहिजे. विद्यार्थ्यांना संगणकांची गरज होती. विभागात दोनच शिक्षक उरले होते आणि त्यांपैकी एक तासिका तत्त्वावर होते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये प्राण्यांचे विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करण्याच्या मार्गदर्शक सूचना काढल्यानंतर प्रात्यक्षिकांचे स्वरूप पालटले, संग्रहालयात विद्यार्थ्यांना नेण्याचे प्रसंग कमी झाले आणि खोली बहुतेक काळ कुलूपबंद राहू लागली. नमुने टिकविण्याच्या फॉर्मालिन या द्रावणाच्या वासाने शेजारच्या वर्गातून तक्रारी येत होत्या. मात्र त्याच सूचनांचा दुसरा परिणाम प्रस्तावात विचारात घेतलेला नव्हता : नवे नमुने गोळा करण्याची वाट जवळजवळ बंद झाल्यामुळे जे जुने नमुने बरणीत आहेत त्यांची जागा घेणारे दुसरे नमुने आता मिळणार नाहीत.

नोंदवही आणि खोली

समितीपुढे पहिला कागद आला तो डेड स्टॉक रजिस्टरचा. शासकीय भाषेत जिला जडवस्तू संग्रह नोंदवही म्हणतात, तिच्यात खुर्ची, टेबल, पंखा, सूक्ष्मदर्शक यांच्या जोडीला संग्रहालयातील वस्तूंची नोंद होती. ती नोंद अशी : ‘बरणी काचेची, झाकणासह’, पुढे नग, पुढे किंमत. बरणीत काय आहे याचा उल्लेख बहुतेक ठिकाणी नव्हता, कारण हिशेबाच्या दृष्टीने विकत घेतली गेली होती ती बरणी. आतला मासा कोणीतरी नदीवरून आणलेला, म्हणून फुकटचा. एका लाकडी खोक्याची नोंद ‘हाडे, जुनी’ एवढीच होती. वनस्पतिशास्त्राच्या दोन लोखंडी कपाटांतील वाळविलेल्या वनस्पतींची तर नोंदच नव्हती. कपाटे तेवढी नोंदलेली होती. लेखापरीक्षणाने इतकी वर्षे या नोंदवहीवर शिक्के मारले आणि त्यात त्यांचे काही चुकलेही नाही, कारण नोंदवही जे सांगण्यासाठी होती ते ती बरोबर सांगत होती. परंतु निर्लेखन याच नोंदवहीच्या आधारे व्हायचे असल्यामुळे कागदोपत्री निघून जाणार होत्या जुन्या बरण्या, आणि प्रत्यक्षात जाणार होता एक संग्रह.

खोलीतील वस्तू ढोबळमानाने चार प्रकारच्या होत्या. पहिला प्रकार अंबाला आणि कोलकाता येथील व्यापाऱ्यांकडून विकत घेतलेल्या शैक्षणिक नमुन्यांचा : समुद्रतारा, ऑक्टोपस, शार्कचे पिल्लू, टेपवर्म. यांच्यावर जातीचे नाव असते, स्थळ किंवा तारीख नसते. दुसरा प्रकार स्थानिक नमुन्यांचा, म्हणजे शिक्षकांनी, विद्यार्थ्यांनी आणि गावकऱ्यांनी आणलेले मासे, बेडूक, घोणस, फुरसे, मण्यार, शिंपले. तिसरा प्रकार गावातील निजामकालीन शासकीय माध्यमिक शाळेने जागेअभावी महाविद्यालयाला दिलेल्या वस्तूंचा. त्यात भुसा भरलेले पक्षी, काही शिंगे आणि खनिजांचे ट्रे होते. चौथा प्रकार म्हणजे ते हाडांचे खोके.

समितीने पहिल्याच दिवशी एक गोष्ट ठरविली आणि पुढे तिचा फार उपयोग झाला. ती अशी की कोणतीही वस्तू जागेवरून हलविण्यापूर्वी, ती ज्या फळीवर जिच्या शेजारी आहे तसे तिचे छायाचित्र घ्यायचे. लेबल गळून पडलेल्या बरणीची ओळख पुष्कळदा तिच्या शेजारणीवरून पटते. भुसा भरलेल्या पक्ष्यांना हात लावताना हातमोजे वापरण्याची सक्ती केली, कारण जुन्या काळी कातडी टिकविण्यासाठी आर्सेनिकयुक्त साबण चोळत असत आणि तो अंश पिसांत कायम राहतो. वनस्पतींच्या जुन्या कागदांनाही हेच लागू होते. ते कीटकांपासून वाचविण्यासाठी मर्क्युरिक क्लोराइडच्या द्रावणातून काढलेले असत.

मराठवाड्याचे नमुने कोठे आहेत

या खोलीची किंमत ठरवायची तर मराठवाड्याच्या निसर्गाचे पुरावे आजवर कोठे साठले हे पाहावे लागते. १८१४ मध्ये कोलकात्यात इंडियन म्युझियम स्थापन झाले. १९१६ मध्ये भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था सुरू झाली ती त्याच संग्रहाच्या पायावर. मुंबईत १८८३ मध्ये आठ जणांनी एकत्र येऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी काढली आणि पश्चिम भारतातील मोठा संशोधनसंग्रह तिच्याकडे जमला. वनस्पतींसाठी मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर हर्बेरियम, म्हणजे वाळविलेल्या वनस्पतींचा संग्रह, होते, आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम मंडल १९५५ मध्ये पुण्यात सुरू झाले. निजामाच्या राज्यात मोडणाऱ्या मराठवाड्यात असे काही उभे राहिले नाही. सालिम अली यांनी १९३१-३२ मध्ये हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पद्धतशीर पाहणी केली, तिचे वृत्तान्त सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आपल्या भागातील पक्ष्यांचा तो पहिला भक्कम पाया आहे, पण त्यासाठी मराठवाड्यातील अभ्यासकाला मुंबई गाठावी लागते.

स्वातंत्र्यानंतर, म्हणजे येथे १७ सप्टेंबर १९४८ नंतर, उच्च शिक्षणाची साधने हळूहळू आली. १९५० मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज आणि औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय, १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ. विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात व्ही. एन. नाईक यांनी दीर्घकाळ काम करून १९९८ मध्ये मराठवाड्याची वनस्पतिसूची दोन खंडांत प्रसिद्ध केली. अशी सूची वाळविलेल्या नमुन्यांवर उभी असते. एखादी वनस्पती किनवटच्या सागवानी जंगलात होती असे म्हणायचे, तर ती तेथून घेतलेला, क्रमांक असलेला कागद कोठे तरी हजर असावा लागतो. वर्णन चुकू शकते, नावे बदलतात. नमुना असेल तर दुसऱ्याला तो पुन्हा पाहता येतो. तालुक्याच्या महाविद्यालयांतील शिक्षकांनी याच काळात आपापल्या भागातून जे गोळा केले ते मोठ्या संग्रहांपर्यंत क्वचितच पोचले. ते तेथेच राहिले, आणि आता त्यावर निर्लेखनाची शिफारस मागितली जात होती.

आतली चिठ्ठी

समितीचे मत बदलले ते माशांच्या फळीपाशी. बाहेरची टंकलिखित लेबले डिंक सुटून बहुतेक गळाली होती. काही कसरीने खाल्ली होती. मरळ, वाम, कटला असे ओळखू येणारे मासे होते आणि ओळखू न येणारे लहान मासेही होते. प्रत्येक बरणीची किंमत शून्य धरावी असे अधीक्षकांचे म्हणणे होते. त्या वेळी विभागातून निवृत्त झालेले प्रयोगशाळा परिचर, ज्यांना सगळे महाविद्यालय मामाच म्हणते, यांना बोलाविण्यात आले. त्यांनी एक बरणी खिडकीच्या उजेडात धरली आणि तिरकी केली. माशाच्या पोटाखाली, काचेच्या तळाशी, एक जाड कागदाची पट्टी चिकटलेली होती. ‘चिठ्ठी आतच टाकायची, सर,’ मामा म्हणाले, ‘बाहेरचीचा काय भरवसा. अन् शिसपेन्शिलीनंच लिहायची, शाई उतरती.’

ही पट्टी चिमट्याने काढली नाही. काचेतूनच तिचे छायाचित्र घेतले, कारण इतकी वर्षे द्रावणात राहिलेला कागद बाहेर येताच फाटतो. तिच्यावर इंग्रजी अक्षरांत पैठण, गोदावरी, दिवस, महिना, साल आणि ‘कोळ्यांच्या जाळ्यातून’ अशा अर्थाचे दोन शब्द होते. साल जायकवाडी धरण पूर्ण होण्याच्या आधीचे होते. त्यानंतर सगळ्या बरण्या याच रीतीने तपासल्या गेल्या आणि निम्म्याहून अधिक स्थानिक माशांच्या बरण्यांत चिठ्ठी निघाली. एकाच शिक्षकाचे हस्ताक्षर, एकच पद्धत. त्या शिक्षकांच्या हयातीत त्यांचे यावर एकही संशोधन प्रसिद्ध झाले नाही, असे विभागातून समजले.

या चिठ्ठ्यांचे महत्त्व समजण्यासाठी गोदावरीचे काय झाले हे आठवावे. जायकवाडीची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि धरणाचे उद्घाटन २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांनी केले. पैठणच्या वर नाथसागर पसरला. वाहत्या पाण्याच्या जागी विस्तीर्ण, उथळ, साचलेले पाणी आले. वाहत्या पाण्यात, गोट्यांच्या तळावर राहणाऱ्या माशांना ते मानवत नाही. साचलेल्या पाण्यात वाढणाऱ्यांना मानवते. त्यात मत्स्यबीज सोडून कटला, रोहू यांची पैदास केली गेली. भारतात १९५२ मध्ये आणलेला तिलापिया पुढे जलाशयांतून पसरला. म्हणून धरणाआधी पैठणला जाळ्यात काय येत होते याचे उत्तर आज नदीवर जाऊन मिळत नाही. विल्यम सायक्स यांनी १८३९ च्या सुमारास दख्खनमधील माशांची वर्णने प्रसिद्ध केली, त्यानंतरचा आणि धरणापूर्वीचा या पट्ट्यातला प्रत्यक्ष, हातात धरता येणारा पुरावा फार विरळ आहे. तो या फळीवर होता, आणि नोंदवहीत ‘बरणी काचेची’ म्हणून होता.

नमुना गोळा करणाऱ्याला जे प्रश्न ठाऊकही नसतात त्यांची उत्तरे पुढे त्यातून निघतात, याचे प्रसिद्ध उदाहरण ब्रिटनमधील बहिरी ससाण्यांच्या अंड्यांचे आहे. डेरेक रॅटक्लिफ यांनी १९६७ मध्ये जुन्या संग्रहांतील अंड्यांच्या कवचांची नव्या अंड्यांशी तुलना केली, आणि १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून कवचे पातळ होत गेल्याचे दाखविले. त्याचा संबंध पुढे डीडीटी या कीटकनाशकाशी जोडला गेला. अंडी जमविणाऱ्यांनी ती केवळ हौसेने जमविली होती, मात्र त्यांवर तारीख आणि ठिकाण लिहून ठेवले होते. आपल्या खोलीतील समुद्रताऱ्याकडून अशी अपेक्षा करता येत नाही, कारण तो कोठल्या किनाऱ्यावरचा हेच कोणाला माहीत नाही.

एक तांत्रिक मर्यादाही नोंदवावी. फॉर्मालिनमध्ये वर्षानुवर्षे ठेवलेल्या ऊतीतील डीएनए तुटक होतो; त्यावरून आनुवंशिक अभ्यास करणे कठीण आणि खर्चिक असते. आम्लधर्मी झालेल्या फॉर्मालिनमध्ये हाडे आणि शिंपल्यांचे चुन्याचे भाग झिजतात. तरीही काट्यांची, खवल्यांची मोजणी करता येते, पोटातील अन्न पाहता येते आणि मुख्य म्हणजे ती जात त्या दिवशी तेथे होती हे सिद्ध होते.

जिल्हा कोणता, साल कोणते

चिठ्ठ्या वाचल्यावर त्या नव्या तक्त्यात उतरविण्याचे काम विद्यार्थ्यांकडे दिले, आणि तेथे एक अडचण उभी राहिली. विद्यार्थी उत्साहाने जुनी स्थळनामे ‘दुरुस्त’ करू लागले. उस्मानाबादचे धाराशिव, औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर असे बदल त्यांनी केले. हेतू चांगला असला तरी परिणाम घातक होता. उदगीरचेच पाहू : १९५६ पर्यंत तो तालुका बीदर जिल्ह्यात होता, राज्य पुनर्रचनेत निलंगा आणि अहमदपूरसह तो उस्मानाबाद जिल्ह्यात आला, १५ ऑगस्ट १९८२ रोजी लातूर जिल्हा झाल्यावर लातूरमध्ये गेला. जालना १ मे १९८१ रोजी औरंगाबादमधून वेगळा झाला, हिंगोली १ मे १९९९ रोजी परभणीतून. म्हणजे जुन्या चिठ्ठीवरचे ‘जि. उस्मानाबाद’ हे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील गाव असेल किंवा लातूर जिल्ह्यातील. मराठवाड्यात एकाच नावाची गावे किती आहेत हे ज्याने कधी एखादी ‘वाडी’ किंवा ‘पिंपळगाव’ शोधले असेल त्याला सांगायला नको. तेथे जुना जिल्हा हाच एकमेव धागा असतो.

यावर उपाय म्हणून तक्त्यात दोन स्वतंत्र रकाने केले. पहिल्यात चिठ्ठीवर जसे आहे तसे, चुकीच्या वर्णलेखनासह, एक अक्षरही न बदलता. दुसऱ्यात आजचे गाव, तालुका, जिल्हा आणि तो अर्थ कोणी, कशावरून लावला ते. स्थळाची खात्री नसेल तेथे नकाशावर एकच बिंदू न देता अंदाजाची त्रिज्या द्यायची. जगभरचे मोठे संग्रह हेच करतात.

निजामकालीन शाळेकडून आलेल्या पक्ष्यांवर उर्दू लेबले होती. गावातील एका निवृत्त उर्दू शिक्षकांनी ती वाचून दिली. एका थापट्या बदकाच्या पायाला बांधलेल्या लेबलावर ‘बहमन १३४१’ असे होते. कोणीतरी पूर्वी पेन्सिलीने शेजारी १९२२ लिहून ठेवले होते, म्हणजे साल हिजरी समजून केलेला हिशेब. परंतु बहमन हा हिजरी महिना नाही. हैदराबाद संस्थानात सरकारी व्यवहारात फसली साल चालत असे. त्याचे वर्ष ऑक्टोबरच्या प्रारंभी सुरू होई आणि आजूर, दै, बहमन असे त्याचे महिने असत. त्या हिशेबाने बहमन १३४१ म्हणजे साधारण डिसेंबर १९३१. थापट्या हा हिवाळी पाहुणा. उत्तरेतून येऊन आपल्या तळ्यांवर हिवाळा काढतो, तेव्हा महिनाही जुळतो. सालिम अलींची पाहणी चालू होती ते हेच वर्ष, पण त्या बदकाचा तिच्याशी संबंध जोडण्यास कोणताही आधार नाही आणि तसा मोह समितीतील एका सदस्याला झाला तेव्हा तो लगेच आवरला.

पेन्सिलीने लिहिलेले १९२२ खोडले नाही. ते चूक आहे अशी टीप तक्त्यात घातली आणि मूळ लेबल तसेच राहू दिले. लेबलाला हात लावल्याने काय होते याची शिकवण महाराष्ट्रातच मिळालेली आहे. रान पिंगळा या घुबडाचे वर्णन पक्षीअभ्यासक अॅलन ह्यूम यांनी १८७३ मध्ये केले. त्याचे जेमतेम सात नमुने जगातील संग्रहांत होते. १८८४ नंतर तो खात्रीने कोणाला दिसला नव्हता, पण रिचर्ड माइनर्टझहागेन या ब्रिटिश पक्षीसंग्राहकाच्या संग्रहातील एका नमुन्यावर १९१४ आणि गुजरातेतील मांडवी असे लिहिलेले असल्याने शोध चुकीच्या ठिकाणी होत राहिला. पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी कातडी तयार करण्याची पद्धत आणि क्ष-किरण छायाचित्रे तपासून दाखविले की तो नमुना जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात मिळविलेला, लंडनच्या संग्रहातून चोरलेला आणि खोटे लेबल लावलेला होता. मांडवीची नोंद बाजूला ठेवून जुन्या, खऱ्या नोंदींच्या ठिकाणी शोध घेतला तेव्हा नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ जिवंत रान पिंगळा सापडला. लेबल नसण्यापेक्षा खोटे लेबल अधिक नुकसान करते.

हाडांचे खोके

‘हाडे, जुनी’ या खोक्यातील हाडे अपेक्षेपेक्षा फार जड होती. मांजरा नदीच्या पात्रातून वाळू काढताना सापडलेली ही अश्मीभूत हाडे विद्यार्थ्यांच्या पालकांनी आणून दिली होती, असे मामांच्या आठवणीत होते. मराठवाड्याचा बहुतेक भूभाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या काळ्या पाषाणाचा आहे. नद्यांच्या काठचा वाळू-गोट्यांचा गाळ त्यामानाने अगदी अलीकडचा, हिमयुगांच्या म्हणजे प्लाइस्टोसीन काळापासूनचा, आणि हत्ती, पाणघोडा, रानगवे यांची अश्मीभूत हाडे मिळतात ती त्यातच. मांजरा खोऱ्यातून अशी हाडे नोंदली गेली असून पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी त्यावर काम केले आहे. पैठणसमोरच्या मुंगी येथे १८६० च्या दशकातच भूगर्भ सर्वेक्षणाच्या वाईन यांना अशाच थरात अकीकाचे दगडी पाते मिळाले होते. खोक्यातील एका तुकड्यावर समांतर, नागमोडी पट्ट्या स्पष्ट दिसत होत्या. हत्तीच्या दाढेचा तो भाग असावा, असे छायाचित्रे पाहून एका जाणकाराने कळविले. मात्र खोक्यात एकही चिठ्ठी नव्हती. नदीचे नाव मामांच्या स्मरणावर, गावाचे नाव नाही, थराची माहिती नाही. त्यामुळे दिसायला सर्वांत भारदस्त असलेला हा भाग संशोधनाच्या दृष्टीने माशांच्या फळीपेक्षा कमी मोलाचा ठरला, आणि हे संस्थाचालकांना पटविणे समितीला सर्वांत जड गेले. त्यांना हत्ती हवा होता.

मतभेद

समितीत एकमत सहज झाले नाही. माझे स्वतःचे मत असे होते, आणि आजही आहे, की सर्व काही जपून ठेवण्याचा आग्रह धरला तर काहीच जपले जात नाही. वनस्पतींच्या कपाटांतील बहुसंख्य कागद विद्यार्थ्यांनी परीक्षेसाठी केलेल्या फायलींचे होते : लॅटिन नाव, कुल, विद्यार्थ्याचा आसनक्रमांक. स्थळ नाही. त्यांतील निम्मी झाडे महाविद्यालयाच्या कुंपणावरचीच असणार. हे कागद काढून टाकावेत असे मी लिहून दिले. त्याच कपाटात एका शिक्षिकेचे २८ बाय ४२ सेंटिमीटरच्या प्रमाणित कागदावर चिकटविलेले, संग्रहक्रमांक, अधिवास आणि फुलाचा रंग नोंदविलेले नमुने होते. वाळल्यावर फुलाचा रंग जातो, म्हणून ती नोंद महत्त्वाची. हे नमुने ठेवायचे ठरले. प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांना विकत घेतलेले नमुने अध्यापनासाठी हवे होते; चांगल्या स्थितीतील प्रत्येक प्रकारचा एक ठेवून बाकीचे काढावेत यावर तडजोड झाली.

दुसरा मतभेद द्रावणाचा. प्रमाणित पुस्तके सांगतात की फॉर्मालिनमधील नमुने कित्येक दिवस पाण्यात धुवून सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये हलवावेत. ज्या भागाने २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलेले पाहिले तेथे हा सल्ला ऐकायलाही अवघड वाटतो. गावाला नळाचे पाणी आठवड्यातून एकदा येत होते. शिवाय अल्कोहोलसाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो, आणि सत्तर टक्के अल्कोहोलची वाफ मराठवाड्याच्या उन्हाळ्यात सहज पेट घेण्याजोगी असते. २६ एप्रिल २०१६ रोजी दिल्लीतील राष्ट्रीय निसर्ग इतिहास संग्रहालय आगीत भस्मसात झाले. आगीची व्यवस्था नसलेल्या खोलीत अल्कोहोलचा साठा करणे समितीला मान्य झाले नाही. सुस्थितीतील बरण्यांत टाकणखार घालून आम्लता कमी केलेले दहा टक्के फॉर्मालिन भरावे, झाकणांना पुन्हा ग्रीस लावावे, वायुवीजनासाठी पंखा बसवावा असे ठरले. ही तडजोड आदर्श नाही, परंतु येथे ती अमलात येण्यासारखी होती.

तिसरा मतभेद सर्वांत तीव्र होता : संग्रह येथे ठेवावा की पुण्याला किंवा विद्यापीठाकडे द्यावा. मोठ्या संस्थेत देखभाल नीट होते, अभ्यासक तेथे येतात. दुसरीकडे, मराठवाड्यातील प्रत्येक नमुना बाहेरच जाणार असेल तर येथल्या विद्यार्थ्याने नदीचा इतिहास कोठे पाहायचा, हा प्राध्यापकांचा प्रश्नही रास्त होता. महाविद्यालयात एक शिक्षक निवृत्त झाला की संग्रह पोरका होतो, हे मात्र या खोलीनेच दाखविले होते. अखेर पैठणच्या ज्या जातींचे एकाहून अधिक नमुने होते त्यांतील एक-एक नमुना मोठ्या संग्रहाला देऊ करावा आणि बाकीचे येथे ठेवावेत, अशी शिफारस झाली.

शिफारशीनंतर

समितीने निर्लेखनाचा ठराव नाकारला नाही. तो बदलून दिला. स्थळ-तारीख नसलेले, कुजलेले, फुटलेल्या बरण्यांतील नमुने काढून टाकण्यास मान्यता दिली. उरलेला संग्रह अर्ध्या जागेत, दोन भिंतींलगत बसला आणि उरलेल्या अर्ध्या खोलीत, मधे भिंत घालून, संगणक लागले. डेड स्टॉक रजिस्टरमधील बरण्यांच्या नोंदी तशाच ठेवून त्यांच्यापुढे नव्या संग्रहनोंदवहीतील क्रमांक लिहिले गेले. अधीक्षकांनी या कामी जी चिकाटी दाखविली ती उल्लेखनीय होती : नोंदवहीच्या रकान्यात न मावणारी माहिती पुरवणीत कशी जोडायची हे त्यांनीच सुचविले. तक्त्याची एक प्रत ग्रंथालयात, एक विद्यापीठाच्या विभागाकडे ठेवली आहे. ह्यूम यांची अनेक वर्षांची पक्षीविषयक हस्तलिखिते सिमल्याच्या बाजारात रद्दी म्हणून विकली गेली, ही गोष्ट वाचलेल्या कोणालाही एकाच प्रतीवर विसंबून राहवत नाही.

काही बाबी अजून निकाली निघालेल्या नाहीत. शाळेकडून आलेल्या शिंगांत काळवीट आणि चिंकारा यांची शिंगे आहेत. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार अशा वस्तूंची घोषणा वेळीच मुख्य वन्यजीव रक्षकांकडे व्हायला हवी होती. ती झाल्याचा कागद ना शाळेकडे आहे ना महाविद्यालयाकडे. ती ठेवणेही अडचणीचे आणि परस्पर नष्ट करणेही. वन विभागाला पत्र गेले असून शिंगे सीलबंद पेटीत आहेत. हाडांचे खोके पाहण्यासाठी भूशास्त्राच्या अभ्यासकाला बोलाविण्याचे ठरले आहे, त्याआधी ती हाडे आणून देणाऱ्या पालकांपैकी कोणी हयात असल्यास त्यांच्याकडून गावाचे नाव मिळविण्याचे काम मामांनी अंगावर घेतले आहे. माशांच्या तीन-चार चिठ्ठ्यांचा उलगडा अद्याप झालेला नाही. त्यांच्यावरचे स्थळनाम नाथसागराखाली गेलेल्या एखाद्या गावाचे असावे असा तर्क आहे, आणि तो तपासण्यासाठी पुनर्वसन कार्यालयाकडून बुडीत गावांची यादी मागविली आहे.